कानपिळीचा मान

“नक्की कापू?” न्हाव्यानं पुन्हा विचारलं.

“काप.”

“बघा बाई, एकदा कात्री चालली की मग मला नावं ठेवायची नाहीत. असले केस आजकाल बघायला मिळत नाहीत.”

मिरजेतलं ते पुरुषांचं सलून. बाकावरची गिऱ्हाइकं पेपराच्या आडून माझ्याकडं बघत होती. बाई इथं कशाला आली, एवढंच त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. माझे केस कमरेखाली यायचे. ते वाढवायला जेवढी वर्षं लागली, तेवढी वर्षं मी घरी गेले नव्हते.

“घरात कुणी गेलं का?” त्यानं आवाज खाली आणला.

“लग्न आहे. बहिणीचं.”

“मग अंबाडा घालायचा, गजरा माळायचा. लग्नाला कोण केस कापतं?”

“बहिणीचा भाऊ कापतो,” मी म्हणाले.

त्यानं आरशातून माझ्या गळ्याकडं पाहिलं, मग हातांकडं. मग कात्री चालवली. कापून झालं की गिऱ्हाइकाची मान ब्रशनं झटकायची, पावडर लावायची, ही त्याची पद्धत मी मघापासून बघत होते. माझ्या मांडीवर मात्र त्यानं नॅपकिन टाकला आणि पुढच्याला हाक मारली. मान माझी मीच झटकली. खाली पडलेले केस एका पोत्यात ढकलले गेले, तिकडं मी बघितलं नाही.

मी मिरजेत साड्यांना फॉल लावायचं आणि ब्लाऊज शिवायचं काम करायचे. नाव स्वतःच ठेवलेलं, केतकी. गिऱ्हाईक बायकांना माझं सगळं ठाऊक होतं, तरी त्यांच्या ब्लाऊजचा गळा माझ्याइतका नीट दुसऱ्या कुणाला जमायचा नाही, म्हणून त्या काही बोलायच्या नाहीत. तिकडं इचलकरंजीत, घरी, मी रणधीर होते. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, मोठ्या हौसेनं ठेवलेलं नाव. अप्पा यंत्रमागावर जॉबर होते. मोडलेला माग त्यांच्या हाताखाली तासाभरात सुरू व्हायचा. मी काही सुरू झाले नाही. त्यांनी पट्टा वापरून बघितला, देवऋषी करून बघितला, मामाच्या शेतावर ठेवून बघितलं. शेवटी एका सकाळी मी आईची जुनी साडी पिशवीत घालून निघून आले.

आणि आता आईचा फोन आला होता, मी ज्या दुकानाची कामं करायचे तिथं.

“सारिकाचं ठरलंय. निपाणीचं पाव्हणं हाईत. कानपिळीला तू पाहिजेस.”

लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून. हसतखेळत होणारा विधी. कान पिळणाऱ्याला नवऱ्याकडचे कपडे करतात, त्याचा फोटो काढतात.

“विश्वजित आहे की,” मी म्हणाले. विश्वजित माझ्या चुलत्यांचा मुलगा.

“सख्खा भाऊ असताना चुलत उभा केला तर पाव्हणं इचारणार न्हाईत? अप्पांनी सांगून ठेवलंय, एक पोरगा हाय, मिरजेला नोकरीला असतोय.” मग ती थांबली. “शर्ट-पँट घाल. केस काप. कानपिळी झाली की जेव आणि जा. अप्पा म्हणालेत.”

मी नाही म्हणणार होते. खरंच नाही म्हणणार होते. पण संध्याकाळी सारिकाचा फोन आला.

“अक्का, तू येणार न्हवं?”

अक्का म्हणणारी जगात ती एकटी. लहानपणी भातुकलीत ती नवरी व्हायची आणि मी करवली. डोक्यावर टॉवेल घेऊन, हातात वाटीतला दिवा धरून मी तिच्या मागं उभी राहायचे. “मागं करवली असल्यावर ती भाऊ कशी आसंल? ती अक्काच,” असं तिनंच ठरवून टाकलं होतं. लोकांत दादा, दोघीच असलो की अक्का. आमच्याकडं पोरीसुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, त्यामुळं बोलण्यावरून मी कधी सापडले नाही. सापडले ते चालण्यावरून.

“अप्पा म्हणतात भाऊ म्हणून ये,” मी म्हणाले.

“कशीबी ये. तू न्हाईस तर मी पाटावर बसत न्हाई, सांगून ठेवतो. आणि माझा ब्लाऊज तूच शिवायचा.”

तिनं मापाला जुना ब्लाऊज पाठवला. मी शालूचा ब्लाऊज शिवला, पाठीच्या बंदांना मोत्यांचे गोंडे लावले आणि न्हाव्याकडं गेले.

कार्यालयात पोचले तेव्हा अप्पा दारातच उभे होते. जन्म मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांना कमी ऐकू यायचं आणि त्यांची कुजबुजसुद्धा चार माणसांना ऐकू जायची.

“भुवया कशाला कोरल्यास?” ते कुजबुजले. पलीकडं हार सोडवत बसलेल्या दोघांनी मान वर केली.

“केस कापलेत, अप्पा.”

“त्ये दिसतंय.”

एवढीच आमची भेट. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, लोकांना वाटावं प्रेमानं धरलंय, आणि मला फेटेवाल्यासमोर नेऊन बसवलं. फेटा बांधून झाल्यावर त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मला वाटतं, त्यांना तसाच मुलगा हवा होता. तेवढ्यापुरता तो त्यांना दिसला असावा, कारण त्यांनी माझ्या फेट्याचा तुरा नीट केला.

आई मागच्या खोलीत होती. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पुसलं आणि त्याच हातानं पदराचं टोक जिभेवर ओलं करून माझ्या डोळ्यांतलं काजळ खसाखसा पुसलं.

“काजळ घातलं नाही मी, कालचंच राहिलंय.”

“राहिलंय कसं? राहू नये.” ती पुन्हा पुसायला लागली. “वाळलायस. खातोस का न्हाई काही?”

तिच्यासमोर पाटावर ताट होतं, तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. लांबून आलेल्या लेकीबाळींच्या ओट्या ती भरत होती. माझी चुलतआत्या, सौंदलग्याची, तिच्यापुढं पदर पसरून बसली. आईनं ओंजळीनं ओटी भरली. आत्यानं पदरातली चिमूट उचलून चार दाणे ताटात परत टाकले आणि उठली. मला हसू आलं. लहानपणी आजोळी आजी आईची अशीच ओटी भरायची आणि आईही दाणे परत टाकायची. “हे कशाला?” मी विचारलं होतं. “लेकीनं माहेर रिकामं करून जायचं नसतं,” आई म्हणाली होती. “चार दाणं माघारी टाकायचं. घर भरल्यालं ऱ्हातंय, आणि आपलं येणं-जाणं बी ऱ्हातंय.” मग मी अंगातला शर्ट पुढं पसरला आणि आजीला म्हणाले, माझी पण भर. आजी पोट धरून हसली. आईनं पाठीत असा धपाटा घातला की श्वास अडकला.

“आई, आठवतं का तुला, आजीकडं मी...”

“जा भाईर, पुरुषांत बस,” आई म्हणाली. तिला आठवत होतं.

नवरीच्या खोलीवरून जाताना सारिकानं मला आत ओढलं. दार लावून घेतलं आणि माझा फेटा दोन्ही हातांनी जरा वर उचलून बघितला.

“अक्का, सगळं कापलंस?”

“वाढतील की.”

“माझ्यापायी.”

“तुझ्यापायी नाही, तुझ्या नवऱ्याच्या कानापायी. असा पिळते बघ, जन्मभर तुझं ऐकेल.”

ती रडता रडता हसली. शालूच्या निऱ्या बिघडल्या होत्या. मी खाली बसून त्या पुन्हा घालून दिल्या, पदर पिनेनं बसवला, पाठीचा बंद सैल झालेला, तो बांधला. ती माझ्या खांद्याला धरून उभी होती.

“दिवा धरायला मागं तूच पाहिजे होतीस,” ती म्हणाली.

“पुढच्या जन्मी.”

“पुढच्या कशाला? एकदा लग्न होऊ दे. मग मी त्यांना सगळं सांगतो. माझी अक्का हाय म्हणून सांगतो. तू साडी नेसून माझ्या घरी यायचं.”

मी विश्वास ठेवला. सख्ख्या बहिणीवर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

अक्षता पडल्या. मी भाऊ म्हणून विश्वजितच्या शेजारी उभी होते आणि सारिकाच्या मागं आत्याची पोरगी दिवा धरून उभी होती. दिवा तिरका धरला होता तिनं, तेल सांडत होतं. माझे हात शिवशिवत होते, पण मी हलले नाही. सगळं ठीक चाललं होतं. मी पाय फाकवून उभी होते, हात मागं बांधले होते, हसताना तोंडाला हात लावायचा नाही हे लक्षात ठेवलं होतं.

मग होमाशी बसलेल्या भटजींनी हाक दिली, “कानपिळीला नवरीचा भाऊ पुढं या!”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. नवरदेवाच्या मित्रांनी त्याचे कान हातांनी झाकले. तो हसत होता, चेहऱ्यानं भला वाटत होता. मी पुढं झाले. कान पिळायच्या आधी नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं असतं. होमाजवळच खुर्चीवर नवरदेवाची आजी बसली होती, कपाळभर भंडारा लावलेली. मी तिच्यापुढं वाकले.

आणि वाकता वाकता माझा उजवा हात वर गेला, डोक्यावरचा पदर पुढं ओढायला.

इतक्या वर्षांची सवय. देवासमोर वाकले की हात आपोआप जायचा. फेट्यावरून, कानामागून, खांद्यावर नसलेल्या पदरापर्यंत हात गेला, तिथं काही सापडलं नाही, तरी तो ओढून पुढं घेतला. कुणा पुरुषाला आयुष्यात असलं सुचलं नसतं. कुणा बाईला त्याचा अर्थ सांगावा लागला नसता.

म्हातारीनं माझं मनगट धरलं. उलटसुलट करून बघितलं. बांगड्यांनी पडलेला गोरा पट्टा तिथं होता.

“कोण गं बाई तू?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. मला अजून आठवतं, राग नव्हता.

पण मागून कुणीतरी पोरगा म्हणाला, “आयला, छक्का हाय रं!” आणि हसणं मांडवभर पसरलं. नवरदेवाचे वडील उठले.

“ह्यो भाऊ व्हय नवरीचा?” त्यांनी अप्पांना विचारलं. “आमच्या पोराच्या कानाला असला हात लावायचा? आधी सांगितलं न्हाई तुम्ही.”

नवरदेवानं कानांवरचे मित्रांचे हात बाजूला केले आणि स्वतःचे ठेवले. मघाशी गंमत चालली होती, आता तो खरंच झाकत होता.

मी सारिकाकडं बघितलं. तिची माझी नजरानजर झाली. ती पाटावर बसली होती आणि तिनं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग तिनं सासऱ्यांकडं बघितलं, होमाकडं बघितलं, आणि मान खाली घालून हिरव्या बांगड्या एकेक मागं सारायला लागली.

“भाऊ कुठला?” अप्पा म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलतायत. सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं. “भाऊ त्यो तिकडं, विश्वजित. माझ्या भावाचा पोरगा. मला पोरगा न्हाई. हे... हे देवाचं माणूस. यल्लम्माला सोडलेलं. आशीर्वादाला बोलावलंय. मानाचा फेटा बांधलाय, दुसरं काय न्हाई.”

मी यल्लम्माची नव्हते. मी साड्यांना फॉल लावायचे. पण मला कुणी विचारलंच नाही.

“पण तुम्ही तर एक पोरगा हाय म्हणाला हुता,” व्याही म्हणाले.

“विश्वजितलाच पोरगा मानलाय,” अप्पा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. मोडलेला माग सुरू करायला धडपडताना गळायचा तसा.

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. “आरं मग असं हसताय काय, भाड्यांनो! यल्लम्मा आईच्या दारचं माणूस हाय. कानाला हात नगं लावू दे, पण रिकाम्या हातानं बी धाडू नगा. ओटी भरा त्येची.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विश्वजित पुढं आला, नवरदेवानं कानांवरचे हात काढले, कान पिळला गेला, टाळ्या पडल्या, फोटोही निघाला. मी होमाच्या बाजूला उभी होते. निघून का गेले नाही, असं मला पुढं पुष्कळांनी विचारलं. ओटी हा शब्द कानावर पडला होता, म्हणून गेले नाही. इतकं साधं आहे ते.

आई ताट घेऊन आली. आई माझ्याकडं बघत नव्हती, ताटाकडं बघत होती.

“घेणार कशात?” म्हातारी म्हणाली. “पदर न्हाई.”

मी खाली बघितलं. शर्ट, पँट, पट्टा. सकाळी इस्त्री केलेलं सगळं. मग मी डोक्यावरचा फेटा काढला. अप्पांच्या देखत बांधून घेतलेला, मोराच्या मानेसारखा तुरा असलेला. तो सोडला, त्याचं टोक दोन्ही हातांत धरून पुढं पसरलं. कापलेलं डोकं सगळ्यांना दिसलं. कुणीतरी पुन्हा हसलं.

आईनं माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदा लावलं. कुंकू नाकावर सांडलं, ते तिनं पुसलं नाही. मग नारळ, खण, आणि ओंजळीनं तांदूळ. फेट्याचं कापड खाली झुकलं. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली होती ते अगदी रीतसर, सगळ्यांच्या देखत, होत होतं.

आणि मग आई वाकली. माझ्या पायांना तिनं हात लावला. मी पाय मागं घेतले.

“मागं सरू नगं, आशीर्वाद दे,” म्हातारी म्हणाली.

मी फेट्याचं टोक आणखी घट्ट धरलं. त्यानंतर सारिका आणि तिचा नवरा आले. सारिका वाकली तेव्हा मी शिवलेल्या ब्लाऊजचे गोंडे पुढं लोंबले. मला वाटलं, वाकल्यावर तरी, फक्त मला ऐकू जाईल असं, ती अक्का म्हणेल.

“आशीर्वाद द्या,” ती म्हणाली.

“सुखी राहा,” मी म्हणाले. मनापासून म्हणाले. राग तिच्यावर नंतर आला, मिरजेत, आणि आला तो अजून गेलेला नाही. तिनं पुढं कधी फोन केला नाही. आज आई नाही, अप्पा नाहीत. दोघांचंही मला महिन्यांनी, परक्याकडून कळलं. सारिकाची मुलगी आता लग्नाची झालीय म्हणतात.

मी फेट्याची झोळी छातीशी धरून वळले. दारापर्यंत गेले. तिथं मला आठवलं. लोकांतून वाट काढत मी परत आले. आई अजून ताट घेऊन तिथंच उभी होती. मी झोळीत हात घातला, चिमूट उचलली आणि चार दाणे तिच्या ताटात टाकले.

आईचा चेहरा पांढराफटक पडला.

“अगं बया!” म्हातारी पुढं झुकली. “ह्येनं तर लेकीगत दाणं माघारी टाकलं! कुणाची गं तू?”

व्याही वळून बघायला लागले. सारिकाची मान वर झाली. अप्पांना ऐकू गेलं नव्हतं, ते शेजारच्याला काय झालं, काय झालं म्हणून विचारत होते. आई आणि मी समोरासमोर. तिचे डोळे शेवटी माझ्या डोळ्यांवर आले. तिनं फक्त गप्प राहायचं होतं. तेवढंही मला पुरलं असतं.

“त्येस्नी काय ठावं आपली रीत?” आई म्हणाली. “हातनं सांडलं असतील.”

मग तिनं ताटातले ते दाणे बोटानं टिपले, एकेक करून, आणि परत माझ्या फेट्यात टाकले.